छातीतलं बेलपान

"…म्हणजे सोमगिरी बाबांच्या छातीत चुना साठलाय, असं म्हणायचंय तुम्हाला?"

ओंकारगिरींनी 'चुना' हा शब्द दोन बोटांत धरून लांब फेकल्यासारखा उच्चारला.

"कॅल्शियम," डॉक्टर मृणाल डोईफोडे म्हणाली. "साध्या भाषेत सांगा म्हणालात, म्हणून चुना म्हटलं."

"बाबांनी जन्मात पान खाल्लेलं नाही. तंबाखूला हात लावलेला नाही."

"पानातल्या चुन्याचा इथं संबंध नाही, महाराज. हृदयातून रक्त बाहेर पडतं तिथं एक झडप असते. तिला तीन पातळ पाकळ्या. वय झालं की काहींच्या पाकळ्यांवर कॅल्शियम बसत जातं. हाडात असतं तेच. मग पाकळ्या कडक होतात, पुरत्या उघडत नाहीत, आणि रक्त अडतं. बाबांना पायऱ्या चढताना भोवळ येते ती त्यामुळं."

"आणि यावर तुमचा उपाय?"

"झडप बदलायची. गेल्या आठवड्यातली तारीख दिली होती. तुम्ही आला नाहीत. मी फोन केले, ते उचलले नाहीत."



"डॉक्टरबाई, तुम्हाला जिथं चुना दिसला, तिथं आम्हाला दुसरंच काही दिसलं आहे," ओंकारगिरी म्हणाले. "आपली भाषा आता जुळायची नाही."

हे बोलणं चाललं होतं बालाघाटाच्या डोंगरातल्या एका लहानशा मठाच्या ओसरीवर. मठ गोसाव्यांचा. महादेवाची पिंड, दगडी सभामंडप, मागे दोन खोल्या, आणि खाली आंबेदरा गावापर्यंत उतरत गेलेल्या पायऱ्या. सोमगिरी बाबा इथले गुरू आणि ओंकारगिरी त्यांचे पट्टशिष्य. ओंकारगिरी पूर्वाश्रमीचे संस्कृतचे प्राध्यापक. संन्यास घेताना त्यांनी घर सोडलं, नोकरी सोडली, चहासुद्धा सोडला. प्राध्यापकी तेवढी सोडायची राहून गेली होती.

पूजेच्या विधीत त्यांचा हात धरणारा त्या पंचक्रोशीत कुणी नव्हता. रोज पहाटे ते पिंडीवर वाहायचा बेल स्वतः निवडत. तिन्ही पानं अखंड हवीत, एकालाही कीड नको, छिद्र नको. एखादं पान जरा फाटलेलं निघालं तर आणणाऱ्याची धडगत नसे.

अशा माणसाच्या हातात इस्पितळातून छातीच्या सीटी स्कॅनची एक काळी फिल्म आली. बाबा पायरीवर कोसळले होते, मृणालनंच त्यांना जिल्ह्याला नेऊन तपासण्या करून घेतल्या होत्या. मठात परतल्यावर ओंकारगिरींनी ती फिल्म खिडकीच्या उजेडात धरली.

काळ्याभोर अंधारात तीन पांढऱ्या पाकळ्या. एका जागी जुळलेल्या. आणि बाजूच्या रक्तवाहिनीतून खाली उतरलेली एक पांढरी रेघ, देठ असावा तशी.

बाबांच्या हृदयात बेलपान.

ओंकारगिरी तिथंच गुडघ्यांवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. ते रडणं खरं होतं. ढोंग असतं तर पुढचं सगळं निस्तरणं फार सोपं गेलं असतं.

त्यानंतर काय झालं ते सांगायलाही चीड येते. फिल्मला चांदीची महिरप आली. मागे दिवा आला. पाकळ्यांवर गंध लागलं, वर अक्षता पडल्या. कुणीतरी मोबाइलवर फोटो काढून पाठवला, आणि बघता बघता डोंगराच्या पायथ्याशी गाड्या उभ्या राहू लागल्या. आधी नुसते भाविक आले. मग छाती धरून चालणारे आले, दम लागणारे आले, ज्यांना हृदयाच्या झडपा बदलायला सांगितल्या होत्या, ज्यांच्या नसा आतून कडक झाल्या होत्या, ते आले. बाबांच्या हृदयात देव उगवला, तर आपल्यातली पीडा तो का नेणार नाही, असा साधा हिशेब. महिरपीसमोरचा अंगारा छातीला लावायचा आणि डोंगर उतरायचा.

आणि ज्याच्या हृदयावर हा सगळा बाजार भरला होता, तो म्हातारा मागच्या खोलीत दोन उशांना टेकून बसला होता. आडवं झालं की त्याला श्वास घेता येत नव्हता.

मृणालनं सभामंडपातली ती महिरप बघितली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ही माझ्या पेशंटची फिल्म आहे," ती म्हणाली. "ती बघून आम्हाला नव्या झडपेचं माप ठरवायचंय. तुम्ही तिच्यावर गंध फासलंय."

"पेशंट तुमचे असतील. गुरू आमचे आहेत."

"मग गुरूंनाच विचारते."

ती तरातरा मागच्या खोलीत गेली. ओंकारगिरी तिच्या मागोमाग गेले. आपल्या गैरहजेरीत बाबांशी कुणी बोलावं, हे त्यांना मुळीच खपत नसे.

बाबा जागे होते. ओठ निळसर, घोट्यांना सूज. मृणाल आंबेदऱ्याचीच पोर, बाबांनी तिला परकरात बघितलेली.

"आलीस होय पोरी. बस."

"बसत नाही बाबा. तुम्ही फक्त हो म्हणा. गाडीत घालून नेते तुम्हाला, पुढचं माझं मी बघते."

बाबा श्वास घेण्यासाठी थांबले…

"मी आलो तर याचं काय?" त्यांनी ओंकारगिरींकडे हात केला. "फोटो इथंच राहील. रांग इथंच राहील. हा लोकांला सांगंल, देह नेला दवाखान्यात, बेल हाय मठात."

"सांगू देत की. तुम्ही तर वाचाल."

"हा मला घेऊन निघाला, तर येतो."

"आणि हे निघालेच नाहीत तर?"

बाबांनी पाठीमागची उशी सरकवून घेतली.

"बाबा, मी महिन्यांची गोष्ट करत नाहीये. दिवसांची करतेय. एक दिवस तुम्ही असेच बसल्या बसल्या जाल, आणि हे त्यालाही समाधी म्हणतील."

 तिनं पिशवी उचलली. दारात ओंकारगिरी उभे होते, त्यांना ती बाजूला व्हा असंही म्हणाली नाही. जाता जाता एवढंच बोलली, की ती आज दिवस मावळेपर्यंत खाली गावात, आरोग्य केंद्रात आहे, आणि रुग्णवाहिका तिनं सोबत आणली आहे.

ती गेली. खोलीत दोघंच उरले.

"बाबा, मला राग आलाय," ओंकारगिरी म्हणाले.

"तिचा?"

"तुमचा."

"बरं."

"तुम्ही मीठ सोडलंत. दिवसाकाठी एकदाच जेवलात. कुणाला वावगा शब्द बोलला नाहीत. मी तुमच्याकडं बघून माझं सगळं आयुष्य सोडून आलो. आणि तुम्हाला हा रोग? वेशीत बसून दिवसभर पत्ते कुटणारे, दारू ढोसणारे ठणठणीत आहेत, आणि तुमच्या हृदयात चुना? मग हे सगळं केलं कशासाठी?"

"झडपंसाठी नव्हतं केलं."

"चेष्टा नको, बाबा."

"नाही करत…"

ओंकारगिरी खोलीत येरझाऱ्या घालू लागले. त्यांच्या खडावांचा आवाज फरशीवर टकटक होत राहिला. लोकांपुढे त्यांचा आवाज कधी चढत नसे. आज चढला.

"तो चुना नाही. असूच शकत नाही. मी डोळ्यांनी बघितलंय, तीन दलं आहेत. अखंड. असा बेल मला इतक्या वर्षांत झाडावर मिळाला नाही."

"दिसला खरा तुला."

"दिसला."

"आणि मी आजारी हाय, ते?"

ओंकारगिरी थांबले. त्यांनी खिडकीची कडी लावली, पुन्हा काढली.

"तुम्हाला कापतील," ते शेवटी म्हणाले. "चिमट्यानं तो बेल तोडून काढतील आणि कचऱ्याच्या बादलीत टाकतील. तिथपर्यंत तुम्हाला मी माझ्या हातानं नेऊ? माझ्याच्यानं व्हायचं नाही."

"मग नको नेऊ."

"तुम्ही रागावलात?"

बाबांनी डोळे मिटले. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. ओंकारगिरी क्षणभर घुटमळले. मग बाहेरून घंटा ऐकू आली, दर्शनाची वेळ झाली होती, आणि ते उपरणं सावरत सभामंडपात गेले. तिथं त्यांना बरं वाटत असे.

सोमवार होता. रांग मंडपातून बाहेर पडून पायऱ्यांवर गेली होती. ओंकारगिरी महिरपीजवळ उभे राहिले. एकेकजण पुढे येई, सदऱ्याची बटणं सोडी, ओंकारगिरी छातीवर अंगाऱ्याचं बोट ओढत आणि पुटपुटत. बाईमाणसाच्या कपाळाला लावत. कुणी पाया पडे, कुणी महिरपीच्या पायाशी नारळ ठेवी. मंत्रात चूक नाही, उच्चारात चूक नाही. सगळं कसं यथासांग.

आणि मग रांगेच्या शेपटाकडे काहीतरी गलबला झाला.

लोक मागे वळून बघू लागले. काहींनी हात जोडले. काहीजण रांगेतून बाजूला सरकून वाट करून देऊ लागले. ओंकारगिरींनी टाचा उंचावून बघितलं.

रांगेच्या शेवटी, हातात काठी धरून, सोमगिरी बाबा उभे होते.

"अहो, पुढं या बाबा, पुढं या," लोक म्हणत होते.

"नको," बाबा म्हणत होते. "माझा नंबर येऊ द्या."

ओंकारगिरी अंगाऱ्याची वाटी तशीच हातात घेऊन धावत गेले.

"बाबा, हे काय? तुम्ही इथं?"

"दर्शनाला."

"उभं राहवत नाही तुम्हाला."

"म्हणून तर आलो. तू जा, लोक खोळंबलेत तिकडं."

एवढं बोलून बाबांनी काठीवर भार दिला आणि पुढच्या माणसाच्या पाठीकडे बघत उभे राहिले. आता गुरूला हाताला धरून ओढायचं तरी कसं? ओंकारगिरींनी एक खुर्ची मागवली. बाबा तीवर बसले, रांग सरकली की उठत, खुर्ची पुढे ओढली जाई, पुन्हा बसत. ओंकारगिरी महिरपीजवळ परतले खरे, पण आता मंत्र म्हणताना त्यांचे कान रांगेच्या शेवटाकडे लागले होते. रांगेचं शेपूट आता मंडपात शिरलं होतं, आणि मंडप दगडी असल्यानं तिथलं बोलणं सगळीकडे ऐकू येई.

बाबांच्या मागे, पायऱ्या चढून नुकताच आलेला एकजण खांबाला धरून धापा टाकत होता. आठवडी बाजारात घोंगड्या विकणारा आश्रुबा खाडे. त्याची बायको त्याला पदरानं वारा घालत होती.

"काय होतंय रं तुला?" बाबांनी विचारलं.

"दम लागायलाय बाबा. हातात कळ येती. छातीतल्या नसा चुन्यानं भरल्यात म्हनले डाक्टर. उद्या बोलवलं हुतं, नस मोकळी करायला."

"मग?"

"म्हनलं, आधी तुमच्या बेलाला लागून यावं. गुण आला तर कशाला जायाचं."

"गोळ्या खातोस?"

"बंद केल्या की. देवावर भरवसा ठेवायचा तर पुरा ठेवावा, असं हितनं जाऊन आल्याली समदी म्हनत्यात."

"कोण कोण?"

आश्रुबानं गोंधळून पुढे, महिरपीच्या दिशेनं बघितलं. त्याची बायको घाईनं म्हणाली, "म्हाराज न्हाई बरं का म्हनले. रांगंतली मान्सं म्हनली."

हे खरं होतं. ओंकारगिरी तसं कधीच म्हणाले नव्हते. त्यांच्यासमोर लोक तसं म्हणत होते, तेव्हा ते डोळे मिटून उभे राहिले होते, इतकंच. अंगाऱ्यात बुडवलेलं त्यांचं बोट आता समोरच्या माणसाच्या छातीवर नुसतंच टेकून राहिलं होतं, आणि तो माणूस बिचारा वाट बघत होता.

रांग सरकत गेली. बाबांचा नंबर आला.

ते खुर्चीतून उठले. कफनी त्यांनी स्वतःच गळ्यापासून खाली ओढली. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी छाती.

"लाव."

"बाबा…"

"या सगळ्यांला लावलंस, तसं लाव. छातीचं दुखणं जातं म्हणं यानं."

"बाबा, अहो, हा तुमचाच बेल आहे. तुमच्याच हृदयातला."

"माझ्याच."

"मग तुम्हाला तो कसा…"

"माझ्यापाशी तर हा रातंदिस असतो. मला गुण नाही." बाबांनी दम घेतला… "यांला कसा येतोय, ते मला कळंना."

 मागे एक म्हातारी जपमाळ ओढत होती, तिचे मणी थांबले.

ओंकारगिरींच्या चेहऱ्यावर रक्त चढलं. इतक्या लोकांसमोर! आणि कुणी, तर ज्यांच्यासाठी आपण हे सगळं उभं केलं त्यांनी. आपल्या विद्येची, सेवेची, इतक्या वर्षांच्या पहाटेची ही किंमत? एक कडू शब्द त्यांच्या जिभेपर्यंत आला होता. तो गिळून त्यांनी रागारागानं वाटीत हात घातला आणि अंगारा घेऊन तळवाच बाबांच्या छातीवर टेकवला.

तळव्याखाली काहीतरी थरथरत होतं.

ठोका नव्हता तो. ठोका त्यांना माहीत होता. प्रत्येक ठोक्याच्या पाठोपाठ काहीतरी खरखरत जात होतं, मांजर अंगाशी बसून घुरघुरतं तसं. आत काहीतरी दाटीवाटीनं, घासत, कशीबशी वाट काढत होतं.

इतकी वर्षं त्यांनी या माणसाचे पाय चेपले होते, पाठ चोळली होती. छातीवर हात कधी ठेवला नव्हता. मर्यादा असते.

त्यांनी हात काढायला हवा होता. तो निघेना. पुन्हा खरखर. पुन्हा. बाबांच्या कपाळावर घाम डबडबला होता, ओठ जांभळे पडत चालले होते, आणि ते शांतपणे शिष्याच्या तोंडाकडे बघत उभे होते.

"काय लागतंय हाताला?" बाबांनी विचारलं.

ओंकारगिरींना या प्रश्नाची कितीतरी उत्तरं येत होती. ग्रंथांची नावं, अध्याय, सगळं तोंडपाठ…

"अडतंय," ते म्हणाले.

"काय अडतंय?"

"रक्त… रक्त अडतंय, बाबा."

त्यांचा आवाज इतका बारीक होता की दुसऱ्या कुणाला तो ऐकू गेला नसावा. त्यांनी वाटी खाली ठेवली. महिरपीमागे हात घालून दिवा मालवला. पांढऱ्या पाकळ्या दिसेनाशा झाल्या, नुसतं काळं प्लास्टिक उरलं. चांदीच्या खिळ्यातून त्यांनी फिल्म सोडवून घेतली आणि उपरण्याच्या टोकानं तिच्यावरचं गंध पुसू लागले. वाळलेलं गंध निघता निघेना. ते तोंडाची वाफ देऊन पुसत राहिले.

"अहो महाराज, हे काय करताय?" रांगेतून एक चढा आवाज आला. "देवाला हात लावताय?"

"फिल्म आहे ही," ओंकारगिरी मान वर न करता म्हणाले. "डॉक्टरबाईंना लागणार आहे."

"आणि आम्ही? आम्ही इतक्या लांबून आलो ते?"

"खाली आरोग्य केंद्रात डॉक्टरबाई बसल्या आहेत. छाती दुखते त्यांनी तिकडं जा. गोळ्या सोडल्या असतील त्यांनी पळत जा… मी सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही."

लोक भडकले. कुणी ओंकारगिरींच्या नावानं खडे फोडू लागलं, कुणी आपला नारळ परत उचलला. ज्याला आपण सकाळपर्यंत वाकून नमस्कार करत होतो त्याला शिव्या घालायला माणसाला फार वेळ लागत नाही. ओंकारगिरींनी ते ऐकून घेतलं. एरवी असा एक शब्दही त्यांनी कुणाकडून ऐकून घेतला नसता.

फिल्म उपरण्यात गुंडाळून ते बाबांकडे वळले. बाबा खुर्चीत बसले होते, मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून श्वास ओढत.

"चला बाबा. मठाची जीप मागच्या रस्त्यानं दारापर्यंत आणतो. मीच नेतो तुम्हाला. आत्ताच्या आत्ता. पुढं तुमच्या उशाशी बसतो. पण चला."

बाबांनी डोळे उघडले. 

त्यांनी काठी उचलली आणि मागे दाखवली. तिथं आश्रुबा खांबाला पाठ लावून खाली बसला होता. डावा हात दंडाशी घट्ट धरलेला. बायको त्याच्या तोंडावर पाणी मारत होती.

"आधी त्याला बसव," बाबा म्हणाले.

"त्यालाही नेऊ बाबा, सगळ्यांना नेऊ. पण आधी तुम्ही. तुमचे ओठ बघा कसे झालेत. तुम्हाला काही झालं तर…"

बाबांनी कफनी वर ओढून छाती झाकली.

"मला काय होतंय, ओंकार? मी देव हाय."